गुडघा कधीपासून हलवायचा?

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय मातीत रुतलेला असतो, मागून दोघांनी कमरेला पकड घातलेली असते आणि अशा अवस्थेत तो मध्यरेषेकडे वळायला जातो. गुडघ्यात 'कट्' असा आवाज होतो. सूज चढते, काही दिवसांनी उतरते; पण पाय टेकवून वळायला गेले की गुडघा दगा देतो. एमआरआयच्या अहवालात मग एसीएल ही अक्षरे येतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या ऐन मध्यात तिरके बांधून ठेवणारा हा अस्थिबंध. खेळाडूंच्या भाषेत 'लिगामेंट'. तरुण, धडधाकट माणसाचा एसीएल सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो आणि तो तुटायला सुमारे २,१६० न्यूटन, म्हणजे जवळपास २२० किलो वजनाइतकी ओढ लागते. एकदा मधोमध तुटला की बहुतेकदा तो आपोआप जुळून येत नाही.

शल्यविशारदही तो सहसा शिवत नाहीत; त्याच्या जागी दुसरा बसवतात. रुग्णाच्याच मांडीमागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा काढायची, दोन्ही हाडांत बोगदे पाडायचे, कंडरा त्यांतून ओवायची आणि स्क्रू किंवा बटणाने दोन्ही टोके पक्की करायची. हे काम तास-दोन तासांचे. खरी परीक्षा त्यानंतरच्या महिन्यांची, आणि त्या महिन्यांतला पहिला प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो : पाय हलवायचा कधी, टेकवायचा कधी? अडचण अशी की या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांच्या विरोधात जातात. सांध्याला हालचाल हवी असते. ती थांबली की सांधा आखडतो, कूर्चेचे पोषण मंदावते, मांडीचा स्नायू डोळ्यांदेखत झडतो. नव्याने ओवलेल्या कंडरेला मात्र हाडाशी एकजीव व्हायला निवांतपणा हवा असतो.

माणसाच्या गुडघ्यावर हा प्रश्न पुरता सोडवता येत नाही. कोणाचाही गुडघा तिसऱ्या आठवड्यात उघडून बोगद्यात काय चालले आहे ते पाहता येत नाही आणि जोड किती बळकट झाला हे तो तुटेपर्यंत ओढून तपासता येत नाही. म्हणून ससे, कुत्री, शेळ्या, मेंढ्या, डुकरे आणि उंदीर या संशोधनात आले. पण प्राणी आला म्हणजे उत्तर आले, असे होत नाही. शस्त्रक्रिया झालेला उंदीर पिंजऱ्यात परत गेला की तो किती चालला, मागच्या पायांवर कितीदा उभा राहिला, दुखऱ्या पायावर किती भार टाकला, हे कोण मोजणार? दोन उंदरांच्या गुडघ्यांत दिसलेला फरक उपचारामुळे पडला की त्यांच्या स्वभावामुळे, हे मग सांगता येत नाही. हालचालीला औषध मानायचे असेल, तर तिची मात्रा ठरवून देता आली पाहिजे : किती, केव्हापासून, दिवसातून किती वेळा. ही मात्रा देणारी आणि तिची नोंद ठेवणारी यंत्रे हाच या विषयाचा गाभा आहे. ती वैज्ञानिक नियतकालिकांच्या पद्धतीच्या परिच्छेदांत दडलेली असतात आणि वाचक निष्कर्षाकडे धावतो. पण निष्कर्ष किती भरवशाचा हे त्या परिच्छेदातच ठरते.

यंत्रांच्या आधीचा काळ विश्रांतीचा होता. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी दुखऱ्या सांध्याला सक्तीची आणि दीर्घ विश्रांती द्यावी असा आग्रह धरला. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे जीव वाचवणारी 'थॉमस स्प्लिंट' त्यांचीच. अशा यशामुळे विश्रांतीचा दबदबा पुढे कित्येक दशके टिकला आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडेच्या आठवडे प्लॅस्टर घालणे हा रिवाज झाला.

त्याला आव्हान दिले टोरांटोच्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेन'मधल्या रॉबर्ट सॉल्टर यांनी. जखडून ठेवलेल्या आणि दाबाखाली राहिलेल्या सांध्यातली कूर्चा मरते, हे त्यांनी आधीच्या प्रयोगांत पाहिले होते. १९७० च्या सुमारास त्यांनी उलट टोकाचा विचार केला. सांधा अजिबात न हलवणे वाईट आणि अधूनमधून हलवणे त्याहून बरे, तर मग सतत हलवत राहणे सर्वांत चांगले असेल का? स्नायू थकतात, त्यामुळे प्राणी स्वतः अहोरात्र पाय हलवणे शक्य नाही. ते काम यंत्राने करायला हवे. सॉल्टर यांच्या यंत्रात सशाचा गुडघा मोटरच्या जोरावर संथपणे वाकत आणि सरळ होत राही. एका फेरीला ४५ सेकंद.

१९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सशांच्या गुडघ्याच्या कूर्चेत आरपार छिद्रे पाडून तीन आठवड्यांनी ती कशी भरली ते पाहिले गेले. वाढीच्या वयातल्या सशांत, पाय जखडलेल्या गटात ८ टक्के छिद्रे खऱ्या काचेसारख्या कूर्चेने भरली होती. यंत्रावर ठेवलेल्या गटात ५२ टक्के. प्रौढ सशांत हेच आकडे ३ आणि ४४ होते. पण या प्रयोगातला सर्वांत बोलका आकडा तिसऱ्या गटाचा आहे. हे ससे पिंजऱ्यात मोकळे होते, त्यांना हवे तसे ते हिंडत होते, आणि त्यांच्यात हे प्रमाण तरुणांत ९ व प्रौढांत ५ टक्केच निघाले. नुसती मोकळीक देऊन फारसे काही साधले नव्हते. फरक पाडला तो ठरावीक, न थकणाऱ्या, मोजलेल्या हालचालीने.

टोरांटोचे अभियंते जॉन सॅरिंजर यांच्या मदतीने हेच यंत्र माणसांसाठी तयार झाले आणि जगभरच्या इस्पितळांत पोहोचले. आपल्याकडेही गुडघा बदलल्यानंतर रुग्णाचा पाय पाळण्यासारख्या यंत्रावर ठेवून हळूहळू वाकवताना अनेकांनी पाहिले असेल. एसीएलच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत मात्र या यंत्राचा म्हणावा असा जास्तीचा फायदा दिसला नाही. सशाच्या कूर्चेतल्या छिद्राला जे मानवते, ते माणसाच्या ओवलेल्या कंडरेला तसेच मानवेल असे नाही. सॉल्टर यांची मोठी देणगी त्या एका यंत्रापेक्षा प्रयोगाच्या पद्धतीत आहे : हालचाल संशोधकाच्या हातात घ्या, मग निष्कर्ष काढा.

न हलवण्याची किंमत किती, याचे हिशेब त्याच सुमारास दुसरीकडे मांडले जात होते. अमेरिकेच्या हवाई दलाच्या ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर फ्रँक नॉइस यांनी ऱ्हीसस माकडांना आठ आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवले. त्यांच्या एसीएलची ताकद ३९ टक्क्यांनी घटली, आणि प्लॅस्टर काढल्यावर वर्षभर हिंडू-फिरू देऊनही ती पूर्ववत झाली नाही. लक्षात घ्यायला हवे की या माकडांचे अस्थिबंध मुळात धडधाकट होते. त्यांना कसलीही इजा नव्हती. दोन महिन्यांच्या निश्चलतेची भरपाई करायला वर्ष अपुरे पडले.

साव्हियो वू आणि सहकाऱ्यांनी सॅन डिएगोत सशांवर केलेले काम १९८७ साली आले. गुडघा नऊ आठवडे जखडल्यावर आतल्या बाजूच्या अस्थिबंधाची, हाडांसकट मोजलेली ताकद जेमतेम एक तृतीयांश उरली. नंतर तितकेच आठवडे पाय मोकळा ठेवला तेव्हा अस्थिबंधाचा गाभा बराच सावरला, पण तो हाडात जिथे रुजतो ती जागा मागेच राहिली. अस्थिबंधाचे दुखणे बऱ्याचदा त्याच्या मुळाशी असते, हा धागा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

कारण शस्त्रक्रियेत नवी कंडरा बसवतात तेव्हा मूळ नसतेच, ते घडावे लागते. निसर्गतः एसीएल हाडाला भिडतो तो टप्प्याटप्प्याने : आधी मऊ तंतू, मग तंतुमय कूर्चा, मग खनिजांनी कठीण झालेली कूर्चा, आणि शेवटी हाड. बोगद्यातल्या कंडरेभोवती हे चार थर क्वचितच नीट उभे राहतात. तिथे आधी व्रणासारखी ऊती भरते आणि तिच्यातून कोलॅजनचे तंतू हाडात शिरतात. स्कॉट रोडिओ यांच्या १९९३ च्या प्रयोगात कुत्र्यांच्या नडगीच्या हाडातल्या बोगद्यात कंडरा बसवून ती वेगवेगळ्या आठवड्यांना ओढून पाहिली गेली. आठव्या आठवड्यापर्यंत ती दर वेळी बोगद्यातून उपटून येई. बाराव्या आठवड्यापासून बोगदा सुटेनासा झाला. एसीएलच्या पुनर्वसनातला 'पहिले तीन महिने सांभाळा' हा सल्ला ऐकणाऱ्याने हा प्रयोग माहीत करून घ्यावा.

न्यू यॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'त रोडिओ यांच्या गटाने पुढे सशांवर केलेले काम २००६ साली आले आणि चित्र आणखी स्पष्ट झाले. गुडघा वाकताना कंडरा बोगद्यात किंचित सरकते. सांध्याकडच्या तोंडाशी ती सर्वांत जास्त सरकते आणि जोड तिथेच सर्वांत सावकाश भरतो. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला सरकणे कमी आणि भरणे चांगले. एकाच बोगद्याच्या दोन टोकांना दोन निकाल! हालचाल नको म्हणणाऱ्यांना इथे आधार मिळाला. उंदरांच्या खांद्यावरच्या अभ्यासांनीही तेच सुचवले : शिवलेली कंडरा प्लॅस्टरमध्ये ठेवली तर ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांपेक्षा जोड चांगला होतो. पण त्याच खांद्यात बोटुलिनम विषाने स्नायू लुळा करून भार संपूर्ण काढून घेतला, तेव्हा जोड बिघडला. म्हणजे फार भार वाईट आणि शून्य भारही वाईट. मधली जागा शोधायची, तर 'जखडलेला' आणि 'मोकळा' अशा दोन पेट्यांनी भागणार नव्हते.

इथे न्यू यॉर्कच्या त्या प्रयोगशाळेतले उंदरांचे यंत्र येते, आणि त्यावर थोडे थांबायला हवे.

उंदराच्या एसीएलच्या जागी त्याच्याच पायातली बोटे वाकवणारी कंडरा ओवतात. नंतर मांडीच्या हाडात आणि नडगीत बारीक पिना घालून बाहेरून एक छोटी चौकट बसवतात. चौकट कुलूपबंद असली की गुडघा हलत नाही. उंदीर पिंजऱ्यात हिंडला, त्याने खाल्ले-प्यायले, तरी नव्या कंडरेवर जवळजवळ काहीच ताण येत नाही. रोज ठरलेल्या वेळी उंदराला भूल देतात, चौकट यंत्राला जोडतात, कुलूप काढतात आणि मोटर नडगीला मांडीच्या हाडापासून ठरलेल्या अंतरापर्यंत ओढते व सोडते. किती जोर लागला, याची नोंद भारमापक ठेवतो. फेऱ्या संपल्या की पुन्हा कुलूप. त्यामुळे दिवसभरात त्या कंडरेने काय सोसले, ते संशोधकाला नेमके माहीत असते. हे इतके साधे वाक्य खरे करण्यासाठी इतका खटाटोप लागतो.

१५० हून अधिक उंदरांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गटाने वेळेचा प्रश्न विचारला. काही उंदरांचा गुडघा कायम जखडलेला ठेवला, काहींना शस्त्रक्रियेनंतर लगेच भार दिला, काहींना चौथ्या आणि काहींना दहाव्या दिवसापासून. भार तोच, सुरुवात वेगळी. लगेच दिलेल्या भारापेक्षा आणि लांबलेल्या निश्चलतेपेक्षाही उशिरा सुरू केलेल्या भाराने जोड अधिक बळकट झाला आणि आसपासच्या ऊतीही अधिक निरोगी दिसल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या काळात रोज थोडा वेळ हलका भार देऊन पाहिला. जोडाची ताकद घटली नाही, पण बोगद्यात दाह जास्त आणि नवे हाड कमी आढळले. सुरुवातीचे दिवस दाहाचे असतात, त्या काळात पेशींना खेचाखेच सोसत नाही, आणि दाह ओसरल्यावर तीच ओढ त्यांना बांधकामाची खूण वाटते, असा याचा अर्थ लावला जातो. तो पटण्याजोगा आहे.

या यंत्राने हाडांना सरळ रेषेत ओढले. पण माणूस फिजिओथेरपीत पाय ओढत नाही, वाकवतो. म्हणून त्याच गटाने उंदराचा गुडघा नियंत्रितपणे वाकवणारे आणि सरळ करणारे यंत्र विकसित केले. ऐकायला सोपे वाटणारे हे काम करायला अवघड आहे, कारण गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एका ठाम अक्षाभोवती फिरत नाही. वाकताना मांडीचे हाड नडगीवर लोळते, घसरते आणि थोडे वळतेही. यंत्राने आपला अक्ष सांध्यावर लादला, तर कोन अचूक येतो, पण कंडरेवर भलताच ताण पडतो आणि प्रयोगाचा पायाच खचतो. सांध्याला त्याची वाट धरू द्यायची आणि तरीही कोन, वेग, फेऱ्या आपल्या ताब्यात ठेवायच्या, ही या यंत्रांच्या रचनेतली मुख्य कसरत. एक जास्तीचा लाभ असा की ठरावीक कोनापर्यंत नेताना सांधा किती विरोध करतो हे मोजता आले, तर तो आखडत चालला आहे का, हे प्राण्याला न मारता दिवसागणिक कळू शकते.

मोठ्या प्राण्यांकडे वळलेल्यांनी वेगळी वाट धरली. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या गटाने मेंढी चालत असताना तिच्या गुडघ्याची हालचाल अतिशय बारकाईने टिपली आणि नंतर तीच हालचाल रोबोच्या हातून सांध्याकडून पुन्हा करवून घेतली. अस्थिबंध एकेक करून कापत गेले की प्रत्येकाने किती भार पेलला होता ते निघते. इथे यंत्र उपचार देत नाही. प्राण्याने नैसर्गिकपणे जे केले त्याचा हिशेब काढते.

माणसातही अशी थेट मोजणी झाली आहे. व्हरमाँट विद्यापीठात ब्रूस बेनन यांनी स्थानिक भुलेखाली, स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांच्या निरोगी एसीएलवर इवलासा संवेदक बसवून वेगवेगळे व्यायाम करून घेतले. गुडघा १५ अंशांत ठेवून मांडीचा स्नायू जोरात आवळला तर अस्थिबंध ४.४ टक्के ताणला गेला, उठाबशीत ३.६, आणि जागच्या जागी सायकल मारताना १.७ टक्के. फिजिओथेरपिस्ट सायकल लवकर सुरू करतात आणि पाय सरळ करण्याचे जोरकस व्यायाम मागे ठेवतात, त्याच्यामागे हे आकडे आहेत. मात्र ते सांगतात ताण किती पडला. त्या ताणाने बोगद्यात काय घडले हे सांगायला पुन्हा प्राण्याकडेच यावे लागते.

आता मर्यादा. उंदीर चार पायांवर चालतो, त्याचा गुडघा एरवीही वाकलेला असतो, त्याच्या हाडांच्या वाढीच्या चकत्या प्रौढपणीही उघड्या राहतात आणि जखमा भराभर भरतात. त्याचे दहा दिवस म्हणजे माणसाचे किती आठवडे, याचे कोष्टक करता येत नाही, आणि असे कोष्टक मांडणाऱ्या मजकुरापासून सावध राहावे. हाडातल्या पिना सैल होतात, त्यांच्या वाटेने जंतू शिरतात. रोजच्या भुलेचाही शरीरावर परिणाम होतो, म्हणून तुलनेच्या गटालाही तितकीच भूल द्यावी लागते. ही काळजी घेतली नसेल तर चांगल्यात चांगल्या यंत्राचे आकडे फुकट जातात.

आणि प्राण्याच्या वेदनेचा प्रश्न. गुडघ्यात बोगदे, हाडांत पिना, शेवटी मरण. हे सौम्य शब्दांत सांगून सौम्य होत नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तत्त्वे अशी : पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरलेच तर कमीत कमी वापरा आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम अशा प्रयोगांवर देखरेख ठेवतात. संस्थेच्या नीती समितीची मंजुरी असल्याशिवाय प्रयोग सुरू करता येत नाही. अचूक यंत्राचे नैतिक मोल इथे दिसते. मात्रा नेमकी असली की निकालांतली विखुरण कमी होते, आणि विखुरण कमी झाली की तेच उत्तर थोड्या प्राण्यांत मिळते. ढिसाळ प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि दर वेळी नवे प्राणी त्यात जातात.

माणसांच्या बाजूने पाहिले, तर इतिहास यंत्रांची वाट पाहत थांबला नव्हता. इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले की सूचना धाब्यावर बसवून लवकर चालू लागलेल्या रुग्णांचे गुडघे बिघडले नव्हते, उलट कमी आखडले होते. १९९० साली त्यांनी वेगवान पुनर्वसनाचा क्रम मांडला आणि प्लॅस्टरचा जमाना ओसरला. घाईलाही मर्यादा असतात, हे नंतर दिसले. नॉर्वेतल्या रुग्णांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत दर महिन्याने पुढे ढकलले तसे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. पाय लवकर हलवणे आणि मैदानात उशिरा उतरणे, दोन्ही एकाच वेळी खरे ठरले. दोहोंच्या मधल्या महिन्यांत भार कोणत्या गतीने वाढवावा हा प्रश्न मात्र अजून खुला आहे, आणि तो नेमका मात्रेचा प्रश्न आहे.

म्हणूनच अलीकडे काही प्रयोगशाळा मोठ्या उंदरांकडून लहान उंदरांकडे, ज्यांचे वजन जेमतेम २५ ग्रॅम असते त्यांच्याकडे, वळल्या आहेत. या जातीत जनुके बदलता येतात, विशिष्ट पेशींना चमकणारी खूण देता येते. बोगद्यात नवे मूळ घडवणारी पेशी कंडरेतून आली की हाडाच्या मगजातून, हे त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. कुठल्या दिवशीच्या किती ओढीने त्या पेशी कामाला लागतात, हे विचारायचे तर चौकट, पिना, मोटर आणि भारमापक त्याच मापाचे हवेत. हाड काडीएवढे आहे, चौकट त्या प्राण्याला पेलेल इतकी हलकी हवी, आणि मोजायचा जोर इतका अल्प आहे की यंत्रातल्या घर्षणातच तो हरवू शकतो. या मापाचे यंत्र घडवणे हे अभियंत्यांसाठी कसोटीचे काम आहे.